उथळीतला जोडतुरा

कंपनीची बस फाट्यावर थांबली तेव्हा चार वाजून गेले होते. हर्षाली उतरली, गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि घराकडे न जाता माळाच्या वाटेला लागली. सकाळपासून उभं राहून पाय दुखत होते. तरी श्रावण लागला की ती रोज एकदा उथळीवर जाऊन यायची. घरी कुणी विचारत नसे. गेली नाही तरच विचारत, बरं नाही का म्हणून.

उथळी म्हणजे माळावरचं पाणी. दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये गायरानाचा तुकडा उरला होता, त्यात काळ्या कातळाचं एक पसरट ताट होतं. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साठायचं, थंडी सरता सरता आटून जायचं. त्या पाण्यावर श्रावण-भाद्रपदात फिकट जांभळे तुरे उभे राहत. एक देठ पाण्याबाहेर येई आणि वर त्याला दोन फांद्या फुटत, दोन्हींवर बारीक फुलं. गावात त्याला जोडतुरा म्हणत.

आज उथळीच्या मधोमध एक माणूस उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात लाल-पांढरे पट्टे ओढलेला बांबू.

"ओ दादा," ती काठावरून म्हणाली, "आधी बाहेर या."

त्याने मान वर केली. "बुडायलो का मी?"

"तुम्ही नाही. पण तुमच्या पायाखाली कुणीतरी बुडतंय."

त्याने खाली पाहिलं. मग डावा पाय इतका हळू उचलला, जणू झोपलेल्या लेकराच्या गोधडीवर पडला होता. वाकलेला एक देठ सावकाश वर आला. थोडा तिरका राहिला.

"गवत हाय," तो म्हणाला.

"गवताला असं फूल येतं?"

"आमच्याकडं तर गवताला गवत पण येत नाही."

हर्षालीला हसायचं नव्हतं. पण आलं. "तुमच्याकडं म्हणजे कुठं?"

"आष्टी. बीड जिल्हा."

तो बाहेर यायला निघाला. दर पावलाला थांबायचा, तुरा नाही अशी जागा शोधायचा, मग पाय ठेवायचा. वीस पावलांचं अंतर, पण संपेचना.

"असं चाललात तर दिवाळी येईल," ती म्हणाली.

"मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, कुणी बुडू नये."

"मॅडम आमच्या लाइनवर असते. मी गाड्यांच्या वायरी बांधते."

काठावर येऊन त्याने पाय पुसले. बाभळींच्या आड पिवळं पोकलेन उभं होतं, तिकडे बोट केलं. "ते माझं. म्हणजे ठेकेदाराचं, चालवतो मी. नवनाथ."

तिने आपलं नाव सांगितलं नाही. "आणि बांबूनं काय मोजत होता?"

"खोली. कंपनीकडून निधी मिळालाय ना तुमच्या गावाला. बारा फूट खोल करायचं, कडेनं फरशी, चार बाकडी. गावाची मंजुरी झाली की काम चालू." त्याचा चेहरा उजळला होता. "मी आतापर्यंत एकेचाळीस तळी खोदलीत. हे बेचाळिसावं. उन्हाळ्यात पण पाणी राहील बघा."

"उन्हाळ्यात पाणी राहायला नको," हर्षाली म्हणाली.

नवनाथ तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या एकतीस वर्षांच्या आयुष्यात पाणी नको म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं.

"आणि आमच्यात रीत आहे. गौरी उठेपर्यंत उथळीत पाय घालायचा नाही."

"मग बांबू घातला तर चालतो?"

"चालतो. काठावरून."

घरी जाताना तिला वाटलं, नाव सांगायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो काठावरून बांबू घालत बसला होता. तिसऱ्या दिवशीही. बारा फूट खोदायच्या जागेला इतकी मोजणी कशाला लागते, हे हर्षालीने विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. मंजुरी येईपर्यंत मशीन सांभाळायचं, एवढंच त्याला काम होतं. मोशीच्या खोलीवरून सकाळी मोटारसायकलवर यायचा, अंधार पडायच्या आत जायचा.

"नाव कळलं मला," एक दिवस तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुमच्या वडिलांनी म्हशीला हाक मारली, मग तुम्हाला. आधी मी म्हशीचंच नाव धरून बसलो होतो."

"काय नाव म्हशीचं?"

"चंद्री."

"मग तसंच म्हणायचं. मी ओ दिली असती का नसती ते बघायचं."

"नसती दिली," नवनाथ म्हणाला. "चंद्री देते. ती बोलायला बरी हाय."

असं चालायचं. ती पाच मिनिटांसाठी यायची आणि अर्धा तास थांबायची.

एकदा बोलता बोलता सर आली. माळावर आडोसा नव्हता. त्याने पोकलेनच्या केबिनचं दार उघडून तिला वर बसवलं. आत एकच खुर्ची. तो बाहेर, चाकांवरच्या रुंद लोखंडी साखळीवर उभा राहिला, एका हाताने दार धरून. केसांतून पाणी गळत होतं, आणि तो ते पुसत नव्हता.

"भिजताय तुम्ही."

"सवय नाही ना, म्हणून भिजतोय," तो म्हणाला. "सवय असती तर आडोसा बघितला असता."

काचेतून समोर उथळी दिसत होती. पावसाने तुरे वाकत होते, पुन्हा उभे राहत होते. हर्षाली त्या फुलाविषयी सांगू लागली. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या कॉलेजातल्या एक बाई आल्या होत्या. गुडघे टेकून दोन दिवस हेच फूल बघत होत्या, हर्षालीने त्यांच्यावर छत्री धरली होती. साताऱ्याकडे पठारांवर ह्याच जातीचं फूल आहे, तिकडे त्याला वायतुरा म्हणतात. अशी फुलं सह्याद्रीच्या कातळावर, अशाच उथळ पाण्यात होतात, दुसरीकडे नाही. त्या बाई म्हणाल्या होत्या, हे जपा.

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात पाणी आटतं. ह्याचा कांदा असतो लहानसा, सुपारीएवढा. तो कातळाच्या चिरेत मातीत झोपतो. पाऊस आला की उठतो."

"म्हणजे… चार-पाच महिने पाण्याविना?"

"पाण्याविनाच."

नवनाथची नजर उथळीवर खिळली. त्याच्या मनात त्याचं गाव आलं. टँकरची वाट बघत उन्हात मांडलेल्या घागरी, त्यांच्या रांगेत बसून केलेला शाळेचा अभ्यास. सुपारीएवढा जीव चिरेत तहानलेला पडून राहतो, हे त्याला सहन होईना. ती सांगत होती ते वेगळंच होतं, आणि त्याने ऐकलं ते वेगळंच.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही… तुम्ही ह्याच्याविषयी बोलता ना, तेव्हा हळू बोलता. बाकी सगळं भांडल्यासारखं."

ती खिडकीबाहेर बघू लागली. सर थांबली तरी दोघं तसेच होते, ती खुर्चीत आणि तो साखळीवर.

गौरी बसल्या तशी हर्षाली तीन दिवस मोशीला आत्याकडे गेली. जाताना ती उथळीवरून गेली आणि "सोमवारी येते" म्हणाली. येते असं तिने त्याला पहिल्यांदाच सांगितलं. आतापर्यंत ती नुसती यायची.

नवनाथने तीन दिवस वाट बघितली. रीत मोडायची नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी गावातल्या बायका गौरी बोळवून घरी गेल्या, तेव्हा त्याने पोकलेन चालू केलं. सगळं तळं खोदायचं त्याच्या मनात नव्हतंच. एका कोपऱ्यात, जिथं तुरे नव्हते तिथं, आठ फुटांचा एक खड्डा. उन्हाळ्यात बाकीचं आटलं तरी तिथं पाणी उरेल, कडेच्या मातीला ओल राहील, आणि ते सुपारीएवढे जीव तहानणार नाहीत. ठेकेदाराला सांगता येईल की नमुना घेतला. आणि सोमवारी ती येईल तेव्हा तिला दाखवता येईल.

बकेटचे दात कातळात घुसले. वरचा थर हातभर जाडीचा निघाला, खाली पिवळा मुरूम. त्याच्या गावी असा मुरूम लागला की लोक नारळ फोडत, पाणी जवळ आलं म्हणून.

सोमवारी चार वाजता हर्षाली आली तेव्हा उथळीत पाणी नव्हतं.

म्हणजे थोडं होतं, खळग्यांत. बाकी सगळं त्या खड्ड्याकडे वाहून मुरमात जिरलं होतं. जोडतुरे चिखलावर आडवे पडले होते, केस ओले असावेत तसे. खड्ड्याच्या काठावर नवनाथ उभा होता. चार दिवसांत दाढी केलेली नव्हती.

"हे कुणी सांगितलं होतं?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"मग?"

"त्यांना उन्हाळ्यात पाणी… तुम्हाला दाखवायचं होतं."

ती खाली बसली. एक तुरा उचलून बघितला. फुलं गळली होती, बी धरायला नुकती सुरुवात होती. "अजून महिनाभर पाणी पाहिजे होतं," ती म्हणाली. "बी पिकायला. कातळ फुटलाय. आता कितीही पाऊस पडला तरी पाणी ठरणार नाही."

तो खड्ड्यात बघत राहिला. क्षमा मागितली असती तर तिला रागावता तरी आलं असतं. ती उठली आणि मागे न बघता गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दत्तोबा, हर्षालीचे वडील, गोठ्यात धारा काढत होते. नवनाथ येऊन दारात उभा राहिला.

"काका, दोन म्हशी पाहिजेत. चार दिवस."

"पोकलेनवाल्याला म्हशी कशाला?"

"चिकणमाती तुडवायला. उथळीचा तळ फुटलाय माझ्याकडून. खाली मुरूम ठोकून भरतो, वरून काळी माती ओली करून थरावर थर तुडवायची. शेततळ्याला प्लास्टिक यायच्या आधी आमचा आजा असंच करायचा."

दत्तोबांनी चरवी खाली ठेवली. "तुमच्याकडं बी तुडवतात व्हय? मला वाटलं आमीच येडे." मग जरा थांबून म्हणाले, "म्हशी मिळतील. पण चंद्री अनोळखी माणसामागं चालत न्हाई. तिच्याबरोबर पोरीला यावं लागंल."

हर्षाली घरात भाकरी थापत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तिने भाकरी उलटली. सोमवारपर्यंतची रजा संपली होती आणि आता तिची दुसरी पाळी होती, दुपारी तीनची बस. सात वाजता ती वडिलांचा जुना शर्ट अंगावर चढवून, चंद्रीच्या दाव्याला धरून माळावर आली.

माती नदीकाठच्या मळ्यातून आणली. नवनाथने पोकलेनने मुरूम दाबून भरला, मग मशीन बंद करून स्वतः पायताण काढलं. मातीवर पाणी मारायचं, म्हशी फिरवायच्या, कोपऱ्यांत म्हशींचे पाय पोचत नाहीत तिथं माणसांनी तुडवायचं. पहिल्या दिवशी दोघं चार शब्द बोलले. त्यातले दोन चंद्रीशी होते.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "टाच आधी टेकवा. मग बोटं."

"मला शिकवताय?"

"नाही. माती सांगायली."

तिसऱ्या दिवशी तिचा पाय घसरला. त्याने हात दिला, तिने धरला. उभी राहिल्यावर सोडायला हवा होता. पण खरोखरच निसरडं होतं… मग दोघांनी तसंच, हात धरून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तुडवलं. हात चिखलाने इतके भरले होते की कुणाचा कुठला, समजत नव्हतं.

"राग गेला का?" त्याने विचारलं.

"नाही. कमी झालाय." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्ही माझं ऐकलं नाही, म्हणून राग. ते तहानलेलं नसतंच. झोपलेलं असतं. त्याला तसंच पाहिजे असतं."

"आता कळलं," नवनाथ म्हणाला. "मला कुणी झोपलेलं दिसलं की तहानलेलंच वाटतं. आमच्याकडं तसंच असायचं."

तिने त्याच्याकडे बघितलं. ह्या माणसाने खड्डा कशासाठी घेतला होता, हे तिला आत्ता पुरतं उमगलं. तिने हात थोडा घट्ट धरला.

चार दिवसांनी हस्ताचा पाऊस लागला, दोन दिवस. उथळीत नडगीभर पाणी साठलं. तिसऱ्या दिवशी तेवढंच होतं. चौथ्या दिवशी बोटभर कमी. काही तुरे वर आले होते, सगळे नाही. शंभरातले तीसेक.

पण गावात बोलणं दुसरंच चाललं होतं. तळ फुटलाच आहे तर आता सरळ खोदून टाका, निधी परत गेला तर पुन्हा मिळणार नाही. ठेकेदार रोज सरपंचांना फोन करत होता. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मंजुरी घ्यायची ठरली. एकदा हात वर झाले की दुसऱ्या दिवशी काम सुरू होणार, आणि ते नवनाथनेच करायचं. त्याने नाही म्हटलं तर दुसरा ऑपरेटर येणार.

ग्रामसभा शाळेच्या मोठ्या वर्गात भरली. पुरुष बाकांवर, बायका सतरंजीवर. सरपंच अण्णासाहेब टेबलामागे. हर्षाली उठली आणि फुलाविषयी सांगितलं. पुण्याच्या बाई काय म्हणाल्या तेही. लोकांनी ऐकून घेतलं.

मग रंगराव उठले. रंगरावांचा ट्रॅक्टर-टँकरचा धंदा होता. "फूल चांगलंच हाय," ते म्हणाले. "पण फुलासाठी गावानं पाणी सोडायचं का? बारा फूट पाणी म्हंजे केवढं पाणी."

माना हलल्या. हर्षाली खाली बसली. पाण्यापुढे फूल कुणाला दिसणार?

मागच्या दाराजवळून आवाज आला. "मला बोलायचंय. तिथं पाणी ठरणार नाही."

सगळ्यांनी वळून बघितलं. नवनाथ दाढी करून, धुतलेला शर्ट घालून उभा होता.

"तुमी कोण?" रंगराव म्हणाले. "गावच्या यादीत नाव हाय का?"

"नाही."

अण्णासाहेब भले माणूस होते, पण नियमाचे पक्के. "भाऊ, ही ग्रामसभा हाय," ते म्हणाले. "बाहेरच्या माणसाला इथं बोलता येत न्हाई. उद्या ठेकेदार बी येऊन बोलंल. बसा तुमी."

नवनाथने हर्षालीकडे बघितलं. बघून मान खाली घातली आणि दाराकडे वळला. तो गेला असता तर हात वर झाले असते.

"बाहेरचे न्हाईत ते," हर्षाली म्हणाली.

अण्णासाहेबांनी चष्मा वर केला. "मग कुठले?"

"गावचे जावई हायत."

"कुणाचे जावई?"

तिने वडिलांच्या बाकाकडे बघितलं. "दत्तोबांचे."

सगळ्या माना हर्षालीकडे वळल्या. सतरंजीवर कुणीतरी पदर तोंडाला लावला. दत्तोबा तिसऱ्या बाकावर तंबाखू मळत बसले होते, त्यांचा अंगठा थांबला. दारात नवनाथ असा उभा होता, की त्याला पुढे यावं का पळावं ते कळत नसावं.

"व्हय का रं दत्तोबा?" अण्णासाहेबांनी विचारलं.

दत्तोबांनी आधी लेकीकडे बघितलं. मग दाराकडे. मग पुन्हा लेकीकडे, जरा जास्त वेळ.

"मला बी आत्ताच कळतंय," ते म्हणाले. "पण पोरगी माझ्याशी कधी खोटं बोललेली न्हाई."

"मग झालं तर," अण्णासाहेब म्हणाले. "जावयाला उभं ठेवता व्हय? खुर्ची द्या."

खुर्ची आली. नवनाथ बसला नाही, तिच्या पाठीवर हात ठेवून बोलला. "मी एकेचाळीस तळी खोदलीत. मला खोदायला आवडतं. पण हे खोदू नका. वर हातभर कातळ हाय, तेवढाच पाणी धरतो. खाली सगळा मुरूम. मी एका कोपऱ्यात खड्डा घेतला तर एका दिवसात तळं रिकामं झालं, तुमच्यातल्या कितीतरी जणांनी डोळ्यांनी बघितलंय. बारा फूट खोदलं तर बारा फुटांचा कोरडा खड्डा मिळंल, फरशी लावलेला. फूल बी जाईल आणि पाणी बी." त्याने ओढ्याच्या दिशेने बोट केलं. "पाणी पाहिजे तर ओढ्याच्या वळणावर खोदा. तिथं खाली काळी चिकण माती हाय, मी बघून आलोय. तिथं मी खोदून देतो."

रंगराव काही म्हणणार होते. पण जावयाला भर सभेत उलटून बोलणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी नुसतं विचारलं, "ओढ्याला नक्की ठरंल?"

"नक्की."

हात वर झाले. ग्रामसेवकाने ठराव लिहिला. उथळी आहे तशी ठेवावी, निधी ओढ्याकडे वळवावा, गुरं आणि मशीन उथळीत घालू नये.

सभा सुटल्यावर दोघं शाळेच्या व्हरांड्यात उभे राहिले. लोक बघत बघत जात होते.

"मला विचारलं नाही तुम्ही," नवनाथ म्हणाला.

"वेळ कुठं होता." तिने पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघ ओढली. "नको असेल तर… लोकांना सांगू, ठरलं होतं, मोडलं."

"मी नको म्हणालो का?"

"हो सुद्धा म्हणाला नाहीत."

तो हळूच बोलला. ती जोडतुऱ्याविषयी बोलायची, तितकंच हळू. "महिना झाला म्हणतोय. रोज चार वाजता. तुम्ही ऐकलं नाही."

हर्षालीने वर बघितलं. मग दोघंही एकदमच दुसरीकडे बघू लागले.

दत्तोबा वहाणा घालून जवळ आले. नवनाथने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी तो लावू दिला.

"घरी कोण कोण हाय?"

"आई हाय. थोरला भाऊ, वहिनी."

"आष्टीला पोचायला किती वेळ लागतो?"

"चार तास. रस्ता चांगला हाय आता."

दत्तोबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि विचार केला. "हिच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असती," ते म्हणाले. "गुरुवारी पहाटे निघू. आईला फोन करून ठेवा, जेवायला येतोय म्हणावं."